परदेशातल्या दोस्ताला भेटीचं पार्सल : सीमाभागातले अनुभव लिहा

दिवाळी महिन्यावर आली की बेळगावात खडेबाजार असो की गणपत गल्ली, प्रश्न एकच: "कुंदा जातंय काय हो लंडनला?" ज्यांच्या हातून अशी पार्सलं नेहमी जातात त्यांनी वर आपल्या गावाचं किंवा भागाचं नाव घालून इथं लिहावं. किस्से नकोत. काय भरायचं, फॉर्मवर काय लिहायचं, कुठं अडतं आणि का, एवढंच सांगा.

शहापूर
कुंद्याचं उत्तर आधी देतो: नाही. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि खवा. ब्रिटन आणि युरोपियन युनियन दोघंही भारतातून खासगी पार्सलात येणारे दुधाचे पदार्थ घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर त्याहून कडक. सापडला तर फेकून देतात, परत धाडत नाहीत. व्हॅक्यूम पॅक केल्यानं टिकतो, खरं कस्टम सुटत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यापेक्षा गोकाकचा करदंट बरा: गूळ, डिंक, सुकामेवा, खवा नाही. दुकानातलं सीलबंद पाकीटच घ्या, ज्यावर इंग्रजीत घटक, तारीख आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर छापलाय. सुटा करदंट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला तर समोरच्या अधिकाऱ्याला ती नुसती तपकिरी वडी दिसते.

निपाणी
पोस्टानं पाठवताना आत काय आहे ते कस्टमला सांगायचा फॉर्म असतो, कमी किमतीला सीएन २२, जास्तीला सीएन २३. सगळं भांडण तिथंच होतं. "स्वीट्स" किंवा "गिफ्ट आयटम" एवढंच लिहू नका. गिफ्टच्या चौकटीत खूण करा, आणि खाली प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत: नाव, नग, निव्वळ वजन, किंमत, एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय आकडा), माल बनला तो देश. चिवडा-चकलीला २१०६९० चालतो, पुस्तकांना ४९०१९९. युरोपसाठी सहा आकडी कोड नसेल तर पार्सल विमानात चढायच्या आधीच थांबतं. पत्ता इंग्रजीत, पिनकोड आणि घेणाऱ्याचा मोबाईल हवाच; कर भरायचा निरोप त्याच नंबरवर जातो. तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि आतल्या मालाची पावती बरोबर ठेवा. खोका काउंटरवर उघडून बघतात, म्हणून टेप घरी मारू नका, सोबत न्या.

खानापूर
आखातात पाठवणाऱ्यांनी खसखस विसरू नका. दुबई, सौदी, तसंच सिंगापूर, तिन्हीकडं खसखशीवर बंदी आहे, आणि तिकडं ती अमली पदार्थाच्या कायद्यात बसते. नुसती पुडी कोणी पाठवत नाही हो. ती लपलेली असते. अनारशाला लावलेली, करंजीच्या सारणात भाजून घातलेली, कांदा-लसूण मसाल्यात वाटलेली. घरचा मसाला असेल तर करणाऱ्या बाईला विचारूनच भरा. कष्ट पाठवणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतात.

कॅम्प
वरच्यात भर: कापूर, अत्तर, पॉवर बँक, काडेपेटी विमानानं जाणाऱ्या पार्सलात चालत नाही. कापूर पेट घेतो म्हणून तो धोकादायक मालात धरतात. आकाशकंदिलाच्या एलईडी माळेत लिथियमची बॅटरी असेल तर काढून टाका. सुगंधी तेलाची बाटली नकोच. उटणं कोरडं असतं, ते जातं.

चिकोडी
फराळाचं पॅकिंग. तळलेलं रात्रभर पूर्ण गार होऊ दे. कोमट चकली डब्यात गेली की वाफ धरते आणि दहा दिवसांच्या प्रवासात मऊ पडते, खवट होते. चकली प्लास्टिकच्या बरणीत उभी रचायची, वर कागदाचा बोळा, म्हणजे हलत नाही. स्टीलचा डबा वजन खातो. खोका पाच थरांचा, आत चारी बाजूंनी दोन बोटं तरी कागद. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला पेंढा किंवा भाजी-अंड्यांचा जुना खोका वापरू नका, बाहेरच्या खोक्यावरूनच पार्सल अडतं.

कुरिअरवाले आकारावर वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० × ३० × २५ चा खोका म्हणजे ६ किलो, मग आत अडीच किलो चिवडा असला तरी पैसे सहाचेच. चिवड्याला म्हणून खोका लहान घ्या. त्यापेक्षा लाडू परवडतात, कसं म्हणता?

हिंदवाडी
किंमत कमी लिहायची सवय सोडा. हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीपलीकडं मिळत नाही, आणि पावती मागितली की उघडं पडतं. भेटीवरची करातली सूट मुळातच लहान आहे: ब्रिटनला ३९ पौंड, युरोपियन युनियनला ४५ युरो. वर गेलं की कर आणि हाताळणीचं शुल्क घेणाऱ्याच्या माथी. ब्रिटनला एकाच खोक्यात तिघांच्या भेटी असतील तर प्रत्येकाची वेगळी बांधून त्यावर नाव घाला आणि फॉर्मवर वेगळी दाखवा, म्हणजे ३९ ची सूट प्रत्येकाला लागते.

अमेरिकेनं २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलाची जुनी करमाफी काढली, भेटीला १०० डॉलरची राहिली. त्या गोंधळात आपल्या पोस्टानं तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं होतं, १५ ऑक्टोबरला परत सुरू केलं. म्हणून जुन्या दरपत्रकावर जाऊ नका, काउंटरवर विचारा. घरी केलेला फराळ भेट म्हणून जात असेल तर तिकडच्या अन्नखात्याला पूर्वसूचना लागत नाही. फॉर्मवर "होममेड" हा शब्द घाला.

अथणी
कोल्हापुरी चपलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कोड ६४०३२० लिहा, तो चामड्याचा तळ आणि अंगठ्याभोवती पट्टा असलेल्या पायताणासाठीच आहे. नवीन जोड, तळाला माती नको, तेल लावलेलं असेल तर दोन दिवस वाळवून कागदात गुंडाळा. खाण्याच्या खोक्यात मात्र घालू नका, चामड्याचा वास लाडवाला लागतो.