शब्दचर्चा: ‘नॉव्हेल्टी साँग’ला आपण काय म्हणायचं?

धरमपेठकर
राजेहो, अडलो. दिवाळी अंकासाठी लेख लिहून राहिलो. विषय आहे टीव्हीवरच्या विनोदी नटांनी काढलेल्या पॉप रेकॉर्डी. इंग्लंड-अमेरिकेत या प्रकाराला ‘नॉव्हेल्टी साँग’ म्हणतात. कोशात नॉव्हेल्टी म्हणजे नावीन्य, अपूर्वाई. ‘नावीन्यगीत’ लिहून पाहिलं तर घरून शेरा आला, “हे काय, गॅदरिंगच्या पाहुण्यांसाठी आहे का?”

नमुना सांगतो. १९७१ च्या नाताळात ब्रिटनमध्ये रेकॉर्डविक्रीच्या यादीत बेनी हिलचं ‘अर्नी’ पहिल्या क्रमांकावर होतं. अर्नी दूधवाला, टेड पाववाला, आणि दोघांचाही जीव एकाच विधवेवर. शेवटी भररस्त्यात द्वंद्व होतं, तेही खाण्याच्या वस्तू फेकून. एक शिळा ‘पोर्क पाय’ (आत मांस भरून भाजलेला पदार्थ) डोळ्यावर बसतो आणि अर्नी खलास. हे सगळं अमेरिकन बंदूकबाजांच्या पोवाड्याच्या थाटात, अगदी गंभीर चेहऱ्याने. बेनी हिलने तरुणपणी स्वतः दूध घातलेलं होतं, त्यामुळे घोडागाडीची खडखड त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

इतवारी
इतकं काहून डोकं लावून राहिले भाऊ? विडंबनगीत म्हणा अन् व्हा मोकळे.

मास्तरीणबाई
नाही जमणार. विडंबनाला मूळ लागतं. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) वाचताना मूळ कविता ओळखीच्या असल्या तर दुप्पट हसू येतं. अर्नीचं मूळ कुठलं? विडंबनाचं उदाहरण हवं असेल तर बिली कॉनली घ्या, १९७५. टॅमी वायनेटचं घटस्फोटावरचं एक रडवेलं गाणं होतं. त्यात आई ‘घटस्फोट’सारखे शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारते, पोराला कळू नये म्हणून. कॉनलीनेही अक्षरं सुटी केली, पण कुत्र्याला कळू नये म्हणून, कारण त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं. हेही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. याला विडंबनगीत म्हणा, माझी हरकत नाही.

धरमपेठकर
बाई, मग ‘वात्रटगीत’? वात्रटिका तर सगळ्यांना माहीत आहे.

मास्तरीणबाई
वात्रटिका टोचते. त्याच १९७५ मध्ये ‘द गुडीज’ या त्रिकुटाचं गिबनच्या नाचाचं गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात टोचणं कुठे आहे? नुसत्या माकडचेष्टा. (गिबनला शेपूट नसतं, तो माकड नव्हे, हे ठाऊक आहे. कोणी दुरुस्ती करायला येऊ नये.)

देवळालीचा जावई
थोडं विषयांतर. १९७५ मध्येच एका ब्रिटिश विनोदी मालिकेतल्या दोघांनी, विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल यांनी, चाळीसच्या दशकातलं एक जुनं प्रेमगीत गायलं आणि तीन आठवडे पहिला क्रमांक धरून ठेवला. ती मालिका सुरुवातीला घडते कुठे, तर आमच्या सासुरवाडीला! दुसऱ्या महायुद्धातली देवळालीची छावणी, आणि तिथे जवानांची करमणूक करणारं गोऱ्यांचं पथक. डेव्हिस त्यात खेकसणारा सार्जंट मेजर आणि एस्टेल बुटका, गोड गळ्याचा शिपाई. रेकॉर्डवर एक आळवून राहिला आणि दुसरा मध्येच दरडावून राहिला.

आणि या धाग्याला शोभेल अशी गोष्ट: इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, ते देवळालीवरूनच. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत पडलेल्या शिपायांचं जे व्हायचं ते ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप.

इतवारी
बाप्पा! गाव आपलं, ताप आपला, अन् पागल ते.

भंडारेकर
उशिरा आलो. आपल्याकडे शब्द पडलेला आहे ना भाऊ: गंमत. खडी गंमत, आपल्या विदर्भातला सोंगांचा लोकनाट्यप्रकार, विसरले का? दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, रात्रभर पाहिली आहे मी. शेजारी छत्तीसगडात नाचामधल्या विनोदी भागालाही गम्मतच म्हणतात.

लहानपणचं आठवतं. गमतीत एकजण दारुड्याचं सोंग घेऊन गायचा. ताल मुद्दाम चुकवायचा आणि डफवाला त्याला शिव्या घालत सांभाळून घ्यायचा. सकाळी तोच माणूस चहाच्या टपरीवर दिसला. आम्ही पोट्ट्यांनी धरलं, रातचं गाणं म्हणा. म्हणाला, “सोंग उतरलं, आता कायचं गाणं?” तुमच्या दूधवाल्यात आणि सार्जंटात हेच आहे. गाणं नटाचं नाही, सोंगाचं आहे. म्हणून ‘गंमतगाणं’.

मास्तरीणबाई
पटलं. आणि याने चाळणीही मिळते. केन डॉड हा पक्का विनोदवीर, पण १९६५ मध्ये त्याचं ‘टिअर्स’ पाच आठवडे पहिलं होतं ते साध्या, हळव्या प्रेमगीताच्या जोरावर. एडी मर्फी १९८५ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला तोही सोंग न घेता. आपल्या कपिल शर्माचं २०२३ मधलं ‘अलोन’ तसंच. ही विनोदवीरांची गाणी आहेत, गंमतगाणी नव्हेत. उलट हॅरी एनफील्डचं १९८८ मधलं ‘लोड्सामनी’ बघा. नोटांचं पुडकं नाचवणारा तो गिलावा करणारा गवंडी बाजूला काढला तर मागे काय उरतं?

धरमपेठकर
ठरलं, गंमतगाणं. बाई, चाळणी उचलतो, लेखात तुमचं नाव घालू का? एकच अडचण उरली, मिस्टर ब्लॉबी. गुलाबी अंगावर पिवळे ठिपके असलेला, फुगवलेल्या बाहुल्यासारखा प्राणी. बोलायचं म्हणून फक्त “ब्लॉबी, ब्लॉबी”. १९९३ च्या नाताळात हा पहिला. यात मला गंमतही सापडत नाही.

मास्तरीणबाई
नाव नको. ‘नागपुरातल्या एक बाई’ पुरे.

इतवारी
ब्लॉबीचं मी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडून मारबतीसंगं बडग्यांचे पुतळे निघतात ना? मोठं पोट, भडक रंग, दिवसभर गावभर मिरवायचं अन् शेवटी जाळून टाकायचं. त्याले बडग्यागाणं लिहा.

धरमपेठकर
लिहिलं. संपादकांनी काटलं तर तुमच्याकडे पाठवतो.