अल्फा फाय अल्फा या फ्रॅटर्निटीचं उदाहरण बघा

अमेरिकी कॉलेजांतल्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलग्यांच्या विद्यार्थी-संघटनेत, मुलं निव्वळ पार्ट्यांसाठी जातात असं काहीजण म्हणतात; हे मत मला अर्धवट वाटतं. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी सुरू केली, कारण त्या वर्णभेदाच्या काळात अभ्यासाला सोबत आणि अडीनडीला हक्काचं माणूस हवं होतं. पुढे मार्टिन ल्यूथर किंगही तिचे सदस्य झाले.

आजही प्रचंड कॅम्पसवरचा नवखा पोरगा जेवणाचा ट्रे हातात धरून कुठे बसावं म्हणून घुटमळतो. फ्रॅटर्निटीत त्याला जागा मिळते, सीनियर नोट्स देतात, जुने सदस्य नोकरीसाठी शब्द टाकतात. याच गरजेचा फायदा घेऊन रॅगिंग होतं, बळजबरीने दारू पाजतात, पोरं जिवानिशी गेली आहेत. त्याला माफी नाहीच. २०२४ अखेरच्या अमेरिकी कायद्याने कॉलेजांना अशा घटना जाहीर कराव्या लागतात. सदस्य होण्याआधी ती माहिती जरूर वाचावी.