राइट-इन म्हणजे 'कुणालाही मत' नव्हे

मोजणीटेबल (धागाकर्ता)

'अमेरिकी लोकशाहीकडून काय शिकावं' अशी एक पोस्ट दोन दिवस फिरतेय. तिच्यातलं हे वाक्य वाचून गप्प बसवेना: 'तिथे छापील उमेदवार पसंत नसेल तर मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतःच्या मनातलं नाव लिहितो आणि ते मत मोजलं जातं. आपल्याकडे मात्र नोटाचं बटण.' खाली नुसत्या टाळ्या पडल्यात, चुकीचं आहे असं कुणीच म्हटलेलं नाही. म्हणून हाताने नाव लिहायच्या या सोयीबद्दल, म्हणजे 'राइट-इन'बद्दल, इथे सविस्तर लिहितो.

नोव्हेंबरात अमेरिकी मतदार राष्ट्राध्यक्ष निवडत नाही, आपल्या राज्याचे इलेक्टर, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्षाला मत देणारे प्रतिनिधी, निवडतो. छापील नावाशेजारचा लंबगोल काळा केला की मत जातं त्या उमेदवाराच्या नावाने आधीच दाखल झालेल्या इलेक्टरांच्या यादीला. तुम्ही हाताने लिहिलेल्या नावामागे अशी यादीच नसेल तर ते मत जाणार कुणाकडे? त्यामुळे बहुतेक राज्यांचा नियम असा: राइट-इन उमेदवाराने आधी अर्ज भरायचा आणि सोबत राज्याच्या वाट्याला येतात तितके इलेक्टर नावानिशी द्यायचे. 2024 मध्ये हा आकडा कॅलिफोर्नियात 54 होता, टेक्सासात 40. मुदतही प्रत्येकाची वेगळी. टेक्सासात मतदानाच्या 78 दिवस आधी दार बंद, कॅलिफोर्नियात 14 दिवस आधीपर्यंत चालतं, मिशिगनमध्ये मतदानाआधीच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. अर्ज नसलेलं नाव अशा राज्यांत कुणी वाचतसुद्धा नाही. ते मत 'राइट-इन' नावाच्या एका ढिगात आकडा म्हणून पडून राहतं, नाहीतर मत दिलंच नाही असं धरलं जातं.

हवाई, लुइझियाना, नेवाडा, ओक्लाहोमा आणि साउथ डकोटात तर मतपत्रिकेवर नाव लिहायची रिकामी ओळच नसते. हवाईच्या बंदीविरुद्ध एक मतदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'बर्डिक विरुद्ध ताकुशी', 1992, निकाल 6 विरुद्ध 3 असा हवाईच्या बाजूने. मतदान उमेदवार निवडण्यासाठी असतं, मनातली भावना नोंदवण्यासाठी नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

पेनसिल्व्हेनियासारख्या मोजक्या राज्यांत पूर्वनोंदणी लागत नाही, म्हणून तिथल्या याद्यांत मिकी माउसही सापडतो. त्या मोजक्या राज्यांवरून सगळ्या अमेरिकेचा नियम सांगणं ही दिशाभूल आहे.

एडिसनकर

तांत्रिक तपशील बरोबर आहे, निष्कर्ष चूक. ही रिकामी ओळ म्हणजे पक्षश्रेष्ठींच्या डोक्यावरून जाण्याची एकमेव वाट आहे, आणि तुम्ही तिला कारकुनी अडगळ ठरवताय. 1964 साली न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) हेन्री कॅबट लॉज जिंकले. ते तेव्हा सायगावला राजदूत होते, प्रचाराला एक दिवस आले नाहीत, मतपत्रिकेवर नाव नव्हतं. छापलेल्या नावांत गोल्डवॉटर आणि रॉकफेलर होते. समर्थकांनी नाव कुठे आणि कसं लिहायचं हे दाखवणाऱ्या नमुना मतपत्रिका घरोघर टपालाने पाठवल्या आणि निकाल फिरवला. 1968 साली त्याच राज्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन राइट-इनवर पहिले आले, पण पक्षातलेच प्रतिस्पर्धी मॅकार्थी यांच्याशी फरक इतका कमी होता की त्याच वर्षी 31 मार्चला त्यांनी आपण उभे राहणार नाही असं जाहीर केलं. आणि 2024 मध्ये पक्षाने पहिली प्रायमरी साउथ कॅरोलायनाला दिली म्हणून बायडन यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये नावच दिलं नाही. तरी लोकांनी हाताने लिहून त्यांना सुमारे 64 टक्के मतं दिली. हे सगळं शून्य का?

मोजणीटेबल

तीनही उदाहरणं प्रायमरीची. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट ठरवणं, तिथे इलेक्टरांची यादी लागत नाही. मूळ पोस्ट राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाबद्दल बोलतेय. त्याचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये बर्नी सँडर्स यांना व्हरमाँटात 18,218 राइट-इन मतं पडली, साडेपाच टक्क्यांच्या वर. कॅलिफोर्नियात 79,341. कॅलिफोर्नियातली नीट मोजली गेली ती समर्थकांनी इलेक्टरांची यादी वेळेत भरली होती म्हणून. इलेक्टर किती मिळाले? दोन्हीकडे एकही नाही.

लातूरकर_पाटील

अमेरिका राहू द्या हो. त्यांना लिहायला ओळ तरी आहे. आपला नोटा म्हणजे दात नसलेला वाघ. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर, 27,500 मतं. काय वाकडं झालं कुणाचं? 2024 ला इंदूर लोकसभेत 2,18,674 मतं नोटाला. विजेता विजेताच. मतदारांनी एवढ्या संख्येने नकार दिला आणि तो निकालपत्रातल्या एका ओळीत संपला, याचा संताप येत नाही का कुणाला?

पदवीधर_मतदार

पाटीलसाहेब, संताप रास्त आहे, पण महाराष्ट्रात त्याला थोडे दात आहेत. राज्य निवडणूक आयोगाचा नोव्हेंबर 2018 चा आदेश पाहा. स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही नोटाच पहिला आला तर मग उमेदवारांतला सर्वाधिक मतांचा विजयी. विधानसभा-लोकसभेला हे लागू नाही, तिथे तुमचं म्हणणं खरं.

मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. धागाकर्त्याने महत्त्वाचं सोडलं: लिहिलेलं नाव मोजतात कसं? खरा घोळ तिथे आहे.

मोजणीटेबल

सोडलं नव्हतं, लांबी वाढत होती. सांगतो. स्कॅनरला अक्षर वाचता येत नाही. तो बघतो फक्त लंबगोल. राइट-इनच्या ओळीशेजारचा लंबगोल काळा असेल तर यंत्र ती मतपत्रिका वेगळ्या कप्प्यात टाकतं किंवा तेवढ्या भागाचं छायाचित्र बाजूला काढतं आणि मग माणूस ते वाचतो. नाव सुवाच्य लिहिलं पण लंबगोल कोरा ठेवला, तर अनेक ठिकाणी यंत्राच्या लेखी तिथे काही नाहीच.

उलटी चूकही होते. फ्लोरिडा, 2000. छापील यादीत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गोर यांच्या नावाशेजारचा लंबगोल काळा करायचा आणि खाली राइट-इनच्या ओळीत पुन्हा 'गोर' लिहायचं. खात्री म्हणून. यंत्राला एकाच पदासाठी दोन खुणा दिसल्या, मत बाद. ज्या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) स्कॅनर मतदान केंद्रावर नव्हता तिथे मतदाराला चूक दुरुस्त करायला पत्रिका परतही मिळाली नाही. राज्याचा निकाल 537 मतांनी लागला.

शुद्धलेखन_नको

आणि स्पेलिंगचं काय? मराठी माणसाचं आडनाव अमेरिकेत कुणी धड लिहू शकेल का? 'थोरात'चं रोमन लिपीत तीन तऱ्हांनी होतं. चुकलं की मत बाद, म्हणजे ही सोय सोप्या आडनावांचीच.

एडिसनकर

बाद होत नाही. अलास्का, 2010. सिनेटर लिसा मर्कोव्स्की पक्षाची प्रायमरी जो मिलर यांच्याकडे हरल्या आणि नोव्हेंबरात राइट-इन म्हणून उभ्या राहिल्या. आडनाव कठीण, म्हणून प्रचारात नावाचं स्पेलिंग छापलेले मनगटपट्टे वाटले. राजधानी जूनोला एकेक मतपत्रिका हातात घेऊन तपासली. मिलर यांच्या माणसांनी 8,159 मतांवर हरकत घेतली, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी. त्यांचं म्हणणं, कायद्यात 'अर्जात आहे तसं नाव किंवा आडनाव' असं लिहिलंय, मग अक्षरन् अक्षर जुळलंच पाहिजे. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात ते फेटाळलं: मतदाराचा हेतू कळतोय तर मत धरा. हरकतीची सगळी मतं सोडली तरी त्या दोनेक हजारांनी पुढे होत्या. धरून फरक 10,252.

मोजणीटेबल

तीच निवडणूक पूर्ण सांगा. केंद्रावर नोंदणीकृत राइट-इन उमेदवारांची यादी दाखवायची असं ठरल्यावर शेवटच्या दिवशी शंभराहून जास्त माणसं मुद्दाम अर्ज भरून त्या यादीत घुसली, मर्कोव्स्की यांचं नाव गर्दीत हरवावं म्हणून. 2013 च्या डेट्रॉइट महापौर प्रायमरीतही तसंच. माइक डगन यांचं नाव रहिवासाच्या तारखेवरून मतपत्रिकेतून काढलं, ते राइट-इन म्हणून उतरले, तर जवळपास त्याच नावाच्या एका न्हाव्याने राइट-इन अर्ज भरला. आपल्याकडे नामसाधर्म्याचे अपक्ष उभे करतात, अगदी तीच चाल. पुढे मोजणीत सुमारे 18,000 मतं अडकली. कारण काय, तर टेबलावरच्या लोकांनी पाच-पाच रेघांच्या जुड्या न पाडता थेट आकडा लिहिला होता. राज्याच्या मंडळाने ती मतं धरली म्हणून निभावलं. जी पद्धत एका रेघेवर अडते तिला आदर्श म्हणू नका.

शुद्धलेखन_नको

म्हणजे सामान्य माणसाने चूक केली की पद्धतच वाईट? तुमच्या प्रत्येक उत्तरात मतदार अडाणी आणि कागद शहाणा!

मोजणीटेबल

तोंडात शब्द घालू नका. मतदाराला अडाणी कुठे म्हटलं दाखवा. कागद नीट आखला नाही तर शहाण्या माणसाचंही मत वाया जातं, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

पदवीधर_मतदार

दोघेही जरा थांबा, आपल्याकडचा कायदा बघा. 1961 च्या निवडणूक नियमांप्रमाणे मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असं काहीही लिहिलं तर ती बाद. आपला कायदा हस्ताक्षराला भितो, आणि त्याला कारण आहे: अक्षर ओळखीचं निघालं की मत विकत घेणाऱ्याला पावती मिळते.

महाराष्ट्रातला मतदार हाताने काही लिहितो ते पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात, तेही फक्त पसंतीक्रमाचा आकडा. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच लिहायचा. 1 चालतो, देवनागरी १ चालतो, रोमन आकडा चालतो. 'एक' असं अक्षरी लिहिलं की बाद. पहिली पसंती न देता थेट दुसरी दिली तरी बाद. खिशातलं निळं पेन वापरलं तरी बाद. आणि ही चूक पदव्या घेतलेली माणसं करतात. 2016 मध्ये हरयाणात राज्यसभेच्या निवडणुकीत काँग्रेस आमदारांची डझनभर मतं वेगळ्या पेनामुळे बाद झाली आणि जागा फिरली. आमदारांची! चार इंच कागदावर काय लिहायचं याचा नियम जितका बारीक, तितकी बाद मतं जास्त. म्हणून 'आपल्याकडेही राइट-इन आणा' म्हणणाऱ्यांनी आधी एका पदवीधर मतदारसंघाची मोजणी उभं राहून बघावी.

एडिसनकर

म्हणजे ओळख पटेल या भीतीने हक्कच द्यायचा नाही? अमेरिकेत कोट्यवधी माणसं गुप्त मतदान करतात, त्याच कागदावर ही ओळही असते. तिथे आभाळ कोसळलेलं नाही.

लातूरकर_पाटील

माझा साधा प्रश्न. त्यांना ही ओळ लागते कशाला? आपल्याकडे पसंत नसेल तर माणूस स्वतः उभा राहतो.

मोजणीटेबल

पाटीलसाहेब, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. आपल्याकडे लोकसभेला अपक्षाला दहा सूचक आणि 25,000 रुपये अनामत लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. बस. अर्ज वैध ठरला की नाव यंत्रावर येतंच. एका बॅलट युनिटवर सोळा बटणं, त्यातलं एक नोटाचं; उमेदवार वाढले की शेजारी दुसरं युनिट जोडायचं.

अमेरिकेत छापील यादीत शिरणं हीच लढाई. 2024 मध्ये अपक्ष राष्ट्राध्यक्षीय उमेदवाराला कॅलिफोर्नियात सुमारे 2,19,000 मतदारांच्या सह्या लागत होत्या. टेक्सासात 1,13,000 च्या वर. आणि टेनेसीत? 275. एकच पद, एकच देश. एकोणिसाव्या शतकात तिथे मतपत्रिका पक्षच छापून वाटायचे आणि मतदार त्यावरचं नाव खोडून दुसरं लिहायचा. 1888 पासून मॅसॅच्युसेट्स आणि मागोमाग इतर राज्यांनी सरकारी छापील पत्रिका आणली, तेव्हा यादीत कोण येणार हे सरकारच्या हातात गेलं. रिकामी ओळ ही त्या बंद दाराला ठेवलेली फट आहे. आपलं दार उघडं असताना फट उसनी आणण्यात अर्थ नाही.

एडिसनकर

हा मुद्दा पटला. इतका वेळ लागला सांगायला म्हणून रागही आला. 'कुणाचंही नाव लिहा, मोजलं जातं' हे वाक्य चूक आहे, मान्य. पण ज्या देशात दार बंद आहे तिथे फट बुजवणाऱ्या हवाईचं कौतुक करू नका. त्या निकालात तीन न्यायमूर्ती विरोधात होते, आणि माझ्या मते तेच बरोबर होते.

मोजणीटेबल

कौतुक केलं नव्हतं, निकाल सांगितला. पण वाचताना तसं वाटत असेल तर वर दुरुस्त करतो. त्या तिघांबद्दल तुमच्याशी सहमत आहे.

शुद्धलेखन_नको

माझं राहिलंच. नावाचा शिक्का मारला तर? अक्षराची कटकटच नको.

एडिसनकर

राज्यावर अवलंबून. 2021 मध्ये बफेलोचे महापौर बायरन ब्राउन प्रायमरी हरल्यावर राइट-इन लढले, समर्थकांनी नावाचे रबरी शिक्के वाटले, न्यू यॉर्कमध्ये ते चालतं, आणि ते जिंकले. शाई वाळल्याशिवाय घडी घालू नये, पलीकडे उमटते आणि दुसऱ्या लंबगोलावर डाग पडतो. चिकटपट्टीचं नाव मात्र राज्याचा नियम बघितल्याशिवाय लावू नका, स्कॅनरच्या रुळात अडकू शकतं.

मोजणीटेबल

आणि शिक्का मारला तरी शेजारचा लंबगोल काळा करायचाच.