प्रति: एएचआय ५ च्या खाली आलाय, मग काळजी कशाला?
मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की मशीनवर एएचआय ५ च्या खाली दिसतोय, म्हणजे सीपॅपचं (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचं) काम झालं. नुसता स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) असेल तर ठीक. पल्मनरी हायपरटेन्शन (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला रक्तदाब) असताना ते अर्धंच खरं. एएचआय म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला किंवा उथळ झाला ते, त्यात रक्तातला ऑक्सिजन दिसत नाही. घसा मोकळा राहूनही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) रात्रभर ८८ टक्क्यांच्या खाली रेंगाळू शकतं. तेवढ्यानेही फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उजव्या हृदयावरचा भार राहतोच. म्हणून डॉक्टरांकडे सीपॅपचा मास्क लावून रात्रभराची ऑक्सिमेट्री (बोटाला क्लिप लावून ऑक्सिजनची सलग नोंद) मागा. सकाळी बोटाला क्लिप लावून ९६ दिसलं, याला अर्थ नाही.

ऑक्सिजन जोडायला सांगितलाच तर आधी सीपॅप सुरू, मग कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन). बंद करताना उलट. नाहीतर थांबलेल्या मशीनमध्ये ऑक्सिजन साचून आगीचा धोका. मास्क गळला की ऑक्सिजन विरळ होतो, आणि गळतीचं एक कारण पल्मनरी हायपरटेन्शनच्या गोळ्यांमध्येच असतं: सिल्डेनाफिल, टॅडालाफिलने नाक चोंदतं, तोंड उघडं पडतं. सलाईन स्प्रे मारा, पण मेडिकलमधून स्यूडोएफेड्रिनवाली (नाक मोकळं करणारं औषध) सर्दीची गोळी आणू नका. सीपॅपचं प्रेशरही मनाने वाढवायचं नाही, उजवं हृदय थकलेलं असेल तर बीपी उतरतं.

ठाण्यात पावसाळ्यात रात्री वीज गेली की घरचा इन्व्हर्टर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवून सीपॅपला पुरतो. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० वॅटच्या आसपास खातो, त्याला तो रात्रभर पुरेलच असं नाही. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर भरून तयार ठेवायला हवा, रेग्युलेटर बसवून.