आईच्या प्रवासांची स्मरणपुस्तिका: पासपोर्ट, स्लाइड्स आणि पत्रांवरून क्रम कसा लावायचा?

अंगणवेल

आई फेब्रुवारीत गेली. वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हातात आजीच्या प्रवासांची पुस्तिका द्यायची आहे, साठ प्रती. कपाटातून निघालेला ऐवज असा: तीन पासपोर्ट (पहिला १९७४चा), ३५ मिमीच्या दोनेकशे स्लाइड्स, चिकट पानांचे चार अल्बम, एअरोग्राम आणि अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा, आणि दोन वह्या, ज्यांत तारखेऐवजी तिथी आहेत. काशी-गया, कन्याकुमारी, काठमांडू, नैरोबी, लंडन आणि बाळंतपणांसाठी न्यू जर्सीच्या तीन फेऱ्या, एवढे नक्की. कुठली फेरी आधी, कुठली नंतर, यावर घरात एकमत नाही. बऱ्याच फोटोंच्या मागे काही लिहिलेले नाही. क्रम कशावरून लावावा? स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करावे? अल्बमला चिकटलेले फोटो कसे सोडवावेत?

जुनीमोहोर

मजकूर लिहायला बसू नका, आधी सनावळी करा. एका तक्त्यात चार रकाने: तारीख, ठिकाण, पुरावा, खात्री. आठवणीतून आलेली नोंद आणि कागदावरून आलेली नोंद वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे घरातले मतभेद आपोआप सुटू लागतात.

सुरुवात पासपोर्टपासून. कोरी दिसणारी पानेसुद्धा धरून प्रत्येक पान रंगीत स्कॅन करा, ग्रेस्केल नको. एकावर एक बसलेले शिक्के रंगावरूनच वेगळे करता येतात: फोटो-सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनचा फक्त ग्रीन चॅनल (हिरव्या रंगाचा थर) पाहिला की जांभळी शाई गडद उठून दिसते. शाई पार उडाली असेल तर पानावर बाजूने, अगदी तिरपा उजेड टाकून फोटो काढा. रबरी शिक्क्याचा दाब कधीकधी कागदावर राहिलेला असतो.

अमेरिकेच्या फेऱ्यांत हमखास चूक होते. तिथे आत जाताना शिक्का बसे, बाहेर पडताना बसत नसे. पासपोर्टला टाचलेले आय-९४चे (आगमन-निर्गमन नोंदीचे) पांढरे कार्ड निघताना काढून घेत. शिक्क्याजवळ हाताने लिहिलेली पुढची तारीख ही राहण्याची मुदत असते, परतीची तारीख नव्हे. परत कधी आल्या ते मुंबईच्या आगमनाच्या शिक्क्यावरून धरा. विमान मध्यरात्रीनंतरचे असेल तर मुंबईचा निर्गमनाचा शिक्का आदल्या दिवसाचा असू शकतो, म्हणून तिकीट आणि शिक्का यांत एका दिवसाचा फरक दिसला तर गोंधळू नका.

जुन्या पासपोर्टात बँकेने दिलेल्या परकीय चलनाच्या नोंदी असतात: रक्कम, तारीख, शाखेचा शिक्का. त्या बहुधा निघण्याच्या थोडे आधीच्या असतात आणि व्हिसाचे पान फाटले असेल तेव्हा फार उपयोगी पडतात. वडिलांचा जुना पासपोर्टही शोधा, कारण एकेकाळी एकाच पुस्तिकेत पत्नीचे नाव चढवता येत असे.

काठमांडू पासपोर्टात शोधू नका. भारतीयांना नेपाळला तो लागत नाही, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे प्रवास झाला नाही असे होत नाही.

शेवटचा पासपोर्ट अजून वैध असेल तर तो रद्द करून घ्या. त्याआधी स्कॅन करा, आणि देतानाच परत मिळावा अशी लेखी विनंती जोडा.

निगेटिव्हची_पेटी

फोटोंचे मी सांगतो. साधा ४ × ६ इंची प्रिंट ६०० डीपीआय, त्याहून लहान कृष्णधवल फोटो १२००, स्लाइड ३२००. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गाळणारी मोठी फाइल), वाटायला जेपेग. ४ × ६चा फोटो ६००ला सुमारे २५ एमबी होतो, स्लाइड ४०च्या आसपास. म्हणजे दोनशे स्लाइड्सना ८ जीबी धरा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर येताना तपशील गळतो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात.

स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट नीट पाहा. कोडॅकच्या बऱ्याच चौकटींवर धुलाईचा महिना आणि वर्ष उमटवलेले असते, कधी शाईने, कधी नुसते दाबून. ते फोटो काढल्याचे नव्हे, रोल धुतल्याचे, हे ध्यानात ठेवा. चौकटीवर ‘कोडाक्रोम’ असेल तर स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई बंद करा. त्या फिल्मवर ती गोंधळते आणि कडा खराब करते. कृष्णधवल फिल्मचेही तेच. ब्लोअरने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब कायमचा डाग ठेवतो.

सत्तरच्या दशकातले लालसर झालेले प्रिंट बिघडलेत असे समजून टाकू नका. त्यांतला निळसर रंग आधी विटतो, म्हणून सगळे तांबडे दिसते. पहिला स्कॅन जसाच्या तसा जपा, दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करा.

चिकट अल्बमसाठी चव नसलेला, मेण नसलेला डेंटल फ्लॉस घ्या. पान टेबलावर, वरचे प्लास्टिक हळू उघडा, कोपऱ्याखाली दोरा सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या. वाकवायचे ते पान, फोटो नाही. फोटो वाकला की वरचा जिलेटिनचा थर तडकतो. हेअर ड्रायर आणि पाणी दोन्ही टाळा. प्लास्टिकच फोटोला चिकटले असेल तर तिथेच थांबा आणि पानासकट स्कॅन करा. आणि हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत थर मऊ होतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसा.

मागची बाजूही स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, गोंदाचे डाग, अर्धवट पुसलेला आकडा, सगळे कामाचे. नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलीने कडेला. बॉलपेनचा ठसा पुढून दिसतो.

मागे काहीच नसेल तर फोटोतल्या इमारती बोलतात. कन्याकुमारीला विवेकानंद स्मारक १९७०चे, शेजारच्या खडकावरचा तिरुवल्लुवरांचा पुतळा १ जानेवारी २०००ला खुला झाला. मागे नुसते स्मारक आणि शेजारचा खडक पुतळ्याविना असेल, तर फोटो त्या दरम्यानचा. न्यूयॉर्कच्या फोटोत जुळे मनोरे दिसले तर सप्टेंबर २००१च्या आधीचा.

तिथीवार

पत्रांवरची टपालाची मोहोर भिंगाखाली वाचा. पाठवणाऱ्या आणि पोचणाऱ्या अशा दोन्ही ठाण्यांच्या मोहोरा असतील तर दोन्ही टिपा. मोहोर फुटकी असेल तर पत्ता पाहा: पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. सहा आकडे असतील तर पत्र त्यानंतरचेच. नुसते ‘मुंबई २८’ असेल तर मात्र ते आधीचेच, असे म्हणता येत नाही, कारण लोक पुढे कितीतरी वर्षे तसेच लिहीत राहिले.

तिथींसाठी: इंग्रजी सन काढायला शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरच्या तिथींना ७९. नेमकी तारीख त्या वर्षीच्या पंचांगातून काढा.

काशी-गयेसाठी आणखी एक दार आहे. तिथले तीर्थपुरोहित यजमानांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरलाही ही पद्धत आहे. नोंद बाईच्या नावाने बहुधा सापडत नाही. सासरचे मूळ गाव, आडनाव, सासरे आणि आजेसासरे यांची नावे घेऊन विचारा, मग सोबत आलेल्यांत आईंचे नाव मिळते. कधी सहीही असते. पानाचा फोटो परवानगी घेऊन काढा. तिकडचे महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचे नाव असते: आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशी, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. हे न कळल्याने प्रवास महिनाभर पुढे ढकलला जातो.

खिळेजुळारी

साठ प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटल छापा. डेमी आकार, ५.५ × ८.५ इंच, ४८ पाने, सेंटर पिन (मधोमध पिना मारलेली बांधणी). पानांच्या संख्येला चारने भाग गेला पाहिजे, नाहीतर शेवटी कोरी पाने येतात. आत १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट पेपर, मुखपृष्ठ ३००. फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय लागतो, म्हणजे पाच इंच रुंदीला १५०० पिक्सेल.

मजकूर युनिकोडमध्ये, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करून (फाइलमध्येच घालून) द्या. जोडाक्षरे छापखान्यातच फुटतात, म्हणून एक प्रत आधी काढून ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘र्‍य’ शोधून वाचा. फोटोखाली ठिकाण, वर्ष, माणसे डावीकडून. वर्ष नक्की नसेल तर ‘१९७८ ते १९८० दरम्यान’ असे लिहा. पासपोर्टचे पान छापाल तर क्रमांक आणि पत्ता झाका.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहिली वही उघडली. आईच्या अक्षरात एक ओळ: ‘माघ व. ११, शके १९०१. काशी. ग्रहणापर्यंत मुक्काम.’ हे कुठले वर्ष धरू?

तिथीवार

१९०१ + ७९ = १९८०. त्या माघातली अमावास्या १६ फेब्रुवारी १९८०ला होती आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. कर्नाटक, आंध्र, ओरिसाच्या पट्ट्यात खग्रास, काशीत खंडग्रास. म्हणजे ही ओळ त्याच्या तीनचार दिवस आधीची. तक्त्यात खात्रीच्या रकान्यात ‘पक्की’ लिहा. पुरोहितांकडे विचारताना विक्रम संवत २०३६, फाल्गुन कृष्ण पक्ष, अमावास्येच्या आसपासचे पान काढायला सांगा. ग्रहणाला स्नानासाठी गर्दी असते, तेव्हा त्या दिवसांच्या नोंदी दाट असतील. घाई करू नका, आडनावापेक्षा गावाचे नाव शोधत जा.