प्रतिसाद: १९७८ च्या येझदीचे सुटे भाग

१९७८ च्या येझदी मोटरसायकलच्या इंजिनाचे सुटे भाग कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय. नव्या जावाच्या शोरूममधून पिस्टन मागवा, असं वर कुणी सुचवलंय. तो नाद सोडा. २०१८ पासूनची जावा चार स्ट्रोकची, पाण्याने थंड होणारी. तुमची मैसूरची दोन स्ट्रोक येझदी, म्हणजे तिथल्या जुन्या जावाचंच नंतरचं नाव. नावापलीकडे दोघींचं नातं नाही.

पुण्यात असाल तर सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठा, पण जुना पिस्टन खिशात घेऊन. २५० सीसी येझदीचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिमी. आधी रिबोअर झालंय का, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा केलाय का, ते लेथवाल्याकडून मोजून घ्या, मगच किती ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठा) पिस्टन लागेल ते ठरवा.

'कंपनीचा जुना माल' म्हणून मिळणारे गिअर, शाफ्ट खुशाल घ्या. ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, मात्र मुळीच नको. रबर पाकिटातही कडक होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढरा धूर सुटतो आणि मेकॅनिक उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतो! सील आणि बेअरिंग चांगल्या बेअरिंगच्या दुकानातून घ्या, जुन्यावरचा नंबर दाखवून. स्वस्त पडतं, आणि येझदीचं नाव काढलं नाही तर आणखीच स्वस्त.

क्रँकचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) कुठला मिळाला ते कळवा, त्यात ड्युप्लिकेट फार आहेत.