नवऱ्याचा व्हिसा रद्द झालाय, सासरचे म्हणतात माफीचं पत्र दे. काय करू?

ओसरी_मेलबर्न:
नमस्कार. इथे नेहमी नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही वेगळ्या नावाने, समजून घ्या. आम्ही २०१४ पासून मेलबर्नला. माझी सिटिझनशिप झालीये, नवऱ्याला इंडियन पासपोर्ट सोडायचा नव्हता म्हणून तो पीआरवरच (कायम राहायच्या व्हिसावर) राहिला. मारहाण तिसऱ्या वर्षापासून. पहिल्यांदा पोलीस आले ते शेजारणीने फोन केला म्हणून, मग इंटरव्हेन्शन ऑर्डर (त्याने मला त्रास देऊ नये असा कोर्टाचा हुकूम) लागली, ती त्याने दोनदा मोडली, दुसऱ्यांदा दार तोडून आत आला आणि माझा हात मोडला. कोर्टाने १४ महिने दिले. तो आत असतानाच त्याला होम अफेअर्सचं (इथलं व्हिसा बघणारं सरकारी खातं) पत्र आलं की व्हिसा रद्द, २८ दिवसांत काय म्हणायचं ते म्हणा. त्यातले अकरा गेले.

आता इचलकरंजीहून सासूबाईंचा रोज फोन. "एवढं लिहून दे गं, भांडण दोघांचं होतं, मी माफ केलंय, पोरीला बाप पाहिजे. तुझ्या एका सहीवर माझ्या पोराचं आयुष्य आहे." दीर म्हणाला वहिनी, तुम्हीच पोलिसांत दिलंत, आता तुम्हीच सोडवा. सासूबाई वाईट नाहीत हो, माझ्या बाळंतपणात सहा महिने इथे येऊन राहिल्या होत्या, डिंकाचे लाडू, शेक, सगळं त्यांनी केलं, म्हणून तर फोन कट करवत नाही. मुलगी सहा वर्षांची आहे, बाबा कधी येणार विचारते. खरं सांगू, तो घरात परत यायला नकोय मला. पण तो कायमचा जावा आणि ते माझ्यामुळे, हेही नकोय. पत्र दिलं नाही तर मीच त्याला घालवलं असं होईल का?

कागदपत्रवाला:
ताई, मी इथे मायग्रेशनच्याच कामात आहे म्हणून आधी एक स्पष्ट सांगतो, व्हिसा तुमच्यामुळे गेलेला नाही. १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली आणि माणूस पूर्णवेळ तुरुंगात असेल तर इथल्या मायग्रेशन कायद्याच्या कलम ५०१ खाली व्हिसा रद्द करावाच लागतो, डिसेंबर २०१४ पासून तसंच आहे, अधिकाऱ्याच्या मर्जीचा तिथे प्रश्नच येत नाही. आता २८ दिवसांत व्हिसा परत द्या अशी मागणी त्याने करायची, तुम्ही नाही. ती नाकारली तर ट्रायब्युनलला (खात्याचे निर्णय तपासणारं अपिलाचं मंडळ) जायला फक्त ९ दिवस मिळतात. आणि ठरवताना जून २०२४ पासून डायरेक्शन ११० (काय काय बघून ठरवायचं याची मंत्र्यांची लेखी सूचना) लागतं, त्यात घरातली हिंसा हा स्वतंत्र मुख्य मुद्दा आहे, मुलांचं हित आणि इथले नातेसंबंध हे पण आहेत, पण मुलाने घरात हिंसा पाहिली का तेही बघतात. म्हणजे "पोरीला बाप पाहिजे" एवढ्या एका वाक्यावर काही होत नाही.

"भांडण दोघांचं होतं" हे मात्र कृपा करून लिहू नका. पोलिसांपुढे तुम्ही जे सांगितलंय, कोर्टाने जे मानलंय, त्याच्या उलट सही करून देणं म्हणजे तुम्हीच खोटं लिहून दिल्यासारखं होतं आणि अडकाल तुम्ही. अजून एक, तो आतून आईला सांगून हे फोन करवत असेल तर ऑर्डर नीट वाचा, स्वतः करायला बंदी आहे ते दुसऱ्याकडून करवून घ्यायलाही बंदी असते. फोनच्या तारखा, वेळा लिहून ठेवा.

सांगली_ते_सिडनी:
मी असं पत्र लिहिलं होतं. चार वर्षं झाली. सासऱ्यांनी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, मी टाइप करून सही केली, वाटलं एकदाचं घरात शांत होईल. पुढे मुलाच्या कस्टडीत त्याच्या वकिलाने तेच पत्र काढलं, बाईसाहेब स्वतः लिहितात की मारहाण एकतर्फी नव्हती. ते खोडून काढायला माझं दीड वर्ष गेलं. लिहायचंच असेल तर स्वतःचं लिहा. मुलीला बाप आवडतो आणि मला त्याची भीती वाटते, दोन्ही एकाच पत्रात लिहिता येतं, दोन्ही खरंच आहे ना? पण आधी वकिलाला दाखवा. मेलबर्नला इनटच म्हणून संस्था आहे, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या बायकांसाठीच, त्यांच्याकडे वकील आहेत. रात्री असह्य झालं तर १८०० ७३७ ७३२ हा मदतीचा फोन, चोवीस तास असतो, दुभाषा मागता येतो.

मोकळं_आभाळ:
माझं मत वेगळं आहे, राग नसावा. माणूस चुकतो, सुधारतोही. एकदा पाठवला की कायमचाच, कॅरेक्टरवर, म्हणजे गुन्ह्यामुळे, व्हिसा गेला की परत यायचं दार जवळपास बंदच. मुलगी मोठी होऊन विचारेल तेव्हा काय सांगणार?

सांगली_ते_सिडनी:
@मोकळं_आभाळ, ऑर्डर दोनदा मोडून हात मोडलाय हो तिचा. सुधारलोय हे त्याने दाखवायचं, कोर्स करून, गुन्हा कबूल करून. बायकोकडून लिहून घेऊन नाही. आणि मुलगी विचारेल तेव्हा जे झालं ते सांगेल ती.

कागदपत्रवाला:
एक राहिलं, हे फार महत्त्वाचं. तो परत पाठवला गेला तर "नातीला महिनाभर घेऊन ये" असा आग्रह होईल. मुलं परत आणण्याच्या हेग करारात भारत नाही, तिथे मुलीला ठेवून घेतलं तर इथल्या कोर्टाची ऑर्डर तिथे आपोआप चालत नाही. जायच्या आधी फॅमिली लॉच्या वकिलाशी बोला, एअरपोर्ट वॉचलिस्टबद्दलही (मुलीला देशाबाहेर नेताना एअरपोर्टवर अडवायची यादी) विचारा.

ओसरी_मेलबर्न:
सगळं तीनदा वाचलं. हेगचं मला माहीतच नव्हतं, आणि सासूबाई दिवाळीला या म्हणाल्याच होत्या. आज इनटचला फोन केला, गुरुवारची वेळ मिळालीये. पत्र देणार नाही, आत्ता तरी नाही. सासूबाईंना मेसेज टाकला, आई, वकिलांशी बोलल्याशिवाय मी कशावर सही करणार नाही, तुमची तब्येत सांभाळा. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. शेजारणीला पण आज सांगितलं सगळं, ती म्हणाली गुरुवारी मुलीला शाळेतून मी आणते.